शेजाऱ्यांच्या ओळखीची रहस्यकथा

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवरील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाशी, रखवालदाराच्या मेजावर जी जाडजूड नोंदवही पडलेली असते ती सवडीने चाळली असता, येणाऱ्याचे नाव, सदनिकेचा क्रमांक, येण्याजाण्याची वेळ आणि घाईघाईने ओढलेली सही एवढ्या रकान्यांतून इमारतीचा दिनक्रम असा उलगडत जातो की, रहस्यकथेच्या लेखकाला याहून उत्तम दप्तर क्वचितच लाभावे. दुपारी आलेल्या पाहुण्याची जाण्याची वेळ कोरी का राहिली, असा प्रश्न ज्याच्या मनात सहज उभा राहतो, त्याला सेंट मेरी मीड या काल्पनिक इंग्रजी खेड्याची ओळख पटावयास वेळ लागणार नाही.

त्या खेड्यातील मिस मार्पल ही अविवाहित वृद्धा अगाथा ख्रिस्ती यांनी १९२७ साली एका लघुकथेतून प्रथम वाचकांपुढे आणली, आणि १९३० च्या ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’पासून ती कादंबरीची नायिका झाली. तिच्यापाशी ना फौजदारी अधिकार, ना प्रयोगशाळा, ना पिस्तूल. बागेची निगराणी आणि लोकरीचे विणकाम चालू असताना तिने माणसे न्याहाळलेली असतात, आणि खुनासारख्या भयंकर प्रसंगीही तिला गावातील कोण्या मोलकरणीची किंवा दुकानदाराची क्षुल्लक लबाडी आठवून, तीवरून गुन्हेगाराच्या स्वभावाचा अदमास लागतो. या प्रकारच्या कादंबरीत खून होतो, पण रक्तपाताचे वर्णन लेखक टाळतो. संशयित मोजके आणि परस्परांच्या परिचयाचे असतात. आणि उलगड्यास लागणारा प्रत्येक दुवा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने १९२९ साली गुप्तहेरकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांत सापडलेला दुवा वाचकापासून दडवू नये असे स्पष्ट बजावलेले आहे. वाचकाच्या बुद्धीविषयी इतका आदर बाळगणारे वाङ्मयप्रकार फार थोडे आहेत, असे मला मनापासून वाटते.

मराठी रहस्यकथेने मात्र निराळी वाट धरली. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढविला, आणि पुढे बाबुराव अर्नाळकर या नावाने लिहिणाऱ्या चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहून झुंझार, काळा पहाड आणि धनंजय ही नायकांची नावे घरोघर पोहोचविली. भाईंदरची खाडी ओलांडून आगगाडीने विरारला उतरले की अर्नाळा जवळच, म्हणून या पट्ट्यातील वाचकाला ते नाव अधिकच आपले वाटावे. वाचनालयांसमोर रांगा लावणारा वाचक त्यांनी घडविला, हे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्या कथेचा जीव पाठलागात, वेषांतरात आणि साहसात होता. पुण्याचा वाडा, गिरगावची चाळ, कोकणातील भाऊबंदकी, दत्तकाचे तंटे, मृत्युपत्रावरील साक्षीदार, हा सारा ऐवज हाताशी असता, तेथील एखाद्या चाणाक्ष आजीला तपासाचे सूत्रधारत्व देण्याची परंपरा आपल्याकडे रुजली नाही, याची खंत वाटते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमला जाणारा पोलीस पाटील तर या प्रकारासाठी जणू घडवूनच ठेवला आहे: गावचाच रहिवासी, सर्वांच्या घरी ऊठबस असलेला, आणि तरीही गुन्ह्याची खबर पोलिसांना देण्यास कायद्याने बांधलेला. आपल्याच नातलगाविरुद्ध खबर देण्याची वेळ आली तर त्याच्या मनाची काय अवस्था होईल, एवढ्या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहू शकते.

कोणी म्हणेल, खेडे जुने असते, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असते, केबिन रोडवर तसे काय आहे? या आक्षेपाचे उत्तर ख्रिस्ती यांनीच १९५० साली ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये देऊन ठेवले आहे. महायुद्धानंतरच्या, त्या कादंबरीतील खेड्यात नवी माणसे येऊन स्थिरावली आहेत, त्यांचे पूर्ववृत्त ठाऊक असणारे कोणी उरलेले नाही, आणि ज्याने स्वतःविषयी जे सांगितले तेच शेजाऱ्यांनी खरे मानले आहे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र हाच काय तो पुरावा. कोकणातून, गुजरातेतून, राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून येऊन एका जिन्यावर राहू लागलेल्या कुटुंबांची स्थिती याहून वेगळी नाही. भाडेकराराची प्रत आणि पोलीस पडताळणीचा कागद चिटणिसाच्या कपाटात असतो. पण दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पूर्वी कोठे नोकरीस होते, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेले असते. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या, प्रत्येकीच्या पिठाचा आणि स्वभावाचा पोत जाणणाऱ्या सेवानिवृत्त शिक्षिकेला त्या सांगण्यातील विसंगती कागदाआधी उमगेल.

या प्रकाराशी ज्यांचा परिचय नाही, त्यांनी आरंभ याच १९५० च्या कादंबरीपासून करावा, आणि वाचताना खुनाच्या वेळेपेक्षा कोण कोणाला कधीपासून ओळखतो, या साध्या चौकशीकडे अधिक लक्ष द्यावे.