काळी माती, पांढरा कापूस

वेचणीच्या दिवसांत जळगाव जामोदच्या आसपास कुठल्याही वावरात जा, कॅमेरा ऑटोवर ठेवा आणि बांधावर टाकलेल्या कापसाच्या ढिगाचा फोटो काढा. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा कापूस स्क्रीनवर मळकट येतो. तिथंच मागं वळून नांगरलेल्या रानाचा फोटो काढा, तर काळीभोर माती धुरकट, रंग उडाल्यासारखी दिसते. नवशिका लगेच लेन्स पुसायला घेतो. लेन्सचा काही दोष नसतो. कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम राखाडी करायला बघतो. कापूस कोणता अन् माती कोणती, हे त्याला कळत नाही.

शिकवणारे बहुतेकजण आधी ॲपर्चर, शटर आणि आयएसओचा त्रिकोण काढून बसतात. मी अधिक-उणे छापलेल्या बटणापासून सुरुवात करायला सांगतो. पूर्ण ऑटोत ते सहसा चालत नाही. म्हणून डायल निकॉनवर ‘ए’, कॅननवर ‘एव्ही’ला आणायची. कापसाला एक स्टॉप अधिक, मातीला एक स्टॉप उणे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले की जे कळतं, ते तासभराच्या व्याख्यानानं कळत नाही. काम झालं की ते शून्यावर आणायचं, नाहीतर पुढचे सगळे फोटो ओव्हर किंवा अंडर.

वेचणाऱ्या बायांचे फोटो काढायचे तर भर दुपारी जाऊ नये. कपाळावरच्या रुमालाची सावली डोळ्यांवर पडते, ओटीतला कापूस झगमगतो आणि चेहरा काळवंडतो. सकाळी लवकर जावं, आधी विचारावं, चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करावं. फोकसचा एकच पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवावा. सगळे पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा जवळची पऱ्हाटीच पकडतो. आणि काढलेला फोटो दाखवावा. ‘दाखव बरं कसा आला तं’ असं मावशीनं म्हणायची वाट पाहू नये.

नवीन कॅमेऱ्यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नाचे फोटो काढणारे मिररलेसकडे वळल्यापासून जुन्या डीएसएलआर बॉड्या स्वस्तात मिळतात. सोबतची १८-५५ लेन्स आणि एक ५० एमएम एफ/१.८ सुरुवातीला पुष्कळ झाली.

खरी परीक्षा पाहायची तर याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला जावं. चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली घटमांडणी त्यांचे वंशज, वाघ घराण्यातली मंडळी, आजही करतात. संध्याकाळी शेतात घट आखतात आणि त्यात गहू, ज्वारी, तूर, सरकी, अंबाडी अशी १८ धान्यं गोलाकार मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, वर पुरी, पापड, सांडोई, कुरडई. रात्री तिथं कुणी फिरकत नाही. सकाळी कोणतं धान्य हललं, ढेकळं कितपत भिजली, हे पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. ते खरं की खोटं यावर वाद आहेत. फोटोग्राफरला त्यात पडायचं कारण नाही.

सांजवेळी उजेड झपाट्यानं उतरतो आणि भोवती ही गर्दी, ट्रायपॉड रोवायला जागा नाही. आयएसओ १६०० किंवा ३२०० करायला लोक घाबरतात. फोटोत थोडे दाणे उमटले तर चालतात, हललेला हात मात्र सुधारता येत नाही. धान्य मांडणाऱ्या हातासाठी शटर १/१२५च्या खाली नेऊ नये. फ्लॅश तर नकोच. समोरून मारलेल्या उजेडात ज्वारी आणि तूर सारखीच सपाट दिसते, वर मांडणाऱ्याचे डोळे दिपतात. सकाळी गुडघ्यावर बसून पाहिलं तर तिरप्या उन्हात एकेका दाण्याला आपली सावली असते. तिथं एफ/१.८चा मोह आवरावा. इतक्या जवळून चार-दोन दाणेच स्पष्ट येतात, बाकी सगळं धूसर. वर्तुळ ओळखू यायला एफ/८ लागतं. फोटो रॉमध्ये काढले असतील तर पहाटेचा निळेपणा घरी बसून ठरवता येतो.

वैशाखात इथलं ऊन ४४-४५ अंशांवर जातं. उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून हिस्टोग्राम वाचायला शिकावं: आलेख उजव्या भिंतीला चिकटला की पांढरं गेलं. कॅमेरा गाडीच्या डिक्कीत ठेवू नये. वावटळ उठलेली असताना लेन्स तर मुळीच बदलू नये. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, त्याचं तोंड जमिनीकडे धरून, गाडीत किंवा पाठीमागं वारा घेऊन बदलावी. धूळ आत गेली का, हे पाहायला एफ/१६वर कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढावा. काळे ठिपके दिसले तर हातपंपाचा ब्लोअर वापरावा, तोंडानं फुंकू नये. थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट असतो.