भंगाराचं कूळ

जालन्याच्या स्टील कारखान्यांतली भट्टी पेटवावी लागत नाही. तिच्यात कोळसा नाही, ज्वाळा नाही. आतून जाड अस्तर दिलेलं एक मोठं भांडं, आणि त्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं. नळीच्या आतून थंड पाणी फिरतं आणि नळीच्या धातूतून प्रचंड वीजप्रवाह धावतो, क्षणाक्षणाला दिशा बदलत. त्यामुळे भांड्यात चुंबकक्षेत्र तयार होतं, तेही असंच सतत उलटणारं, आणि आत टाकलेल्या भंगारात विजेचे भोवरे उठतात. लोखंड बाहेरच्या आगीने तापत नाही, स्वतःच्याच अंगात उठलेल्या विजेने तापतं आणि 1500 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊन वितळतं. तांबं तर 1085 अंशांनाच वितळतं. हे सगळं घडवून आणणारं वेटोळं तांब्याचंच, आणि तरी पोलादाच्या धगधगत्या रसापासून काही बोटांच्या अंतरावर ते शाबूत उभं असतं, केवळ आतून फिरणाऱ्या गार पाण्याच्या जोरावर. माणसाने उभारलेल्या यंत्रांमध्ये इतकं धाडसी यंत्र मला तरी दुसरं आठवत नाही.

या भांड्यात जाणारं भंगार म्हणजे जुन्या इमारतींच्या सळया, पत्र्याचे दाबलेले गठ्ठे, बिडाचे तुकडे, गाड्यांचे मोडके भाग. बाहेर येतात नव्या सळया. मधल्या वेळात लोखंडाचा एकही अणू झिजलेला नसतो. हे अणू पृथ्वीपेक्षा जुने आहेत. सूर्यमाला जन्मण्याआधी कुठल्या तरी ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत ते घडले. त्यांना कितीदाही वितळवलं तरी ते म्हातारे होत नाहीत. केंद्र सरकारच्या 2019 च्या पोलाद भंगार धोरणात याचा हिशेब दिला आहे. एक टन भंगार वापरलं की सुमारे 1.1 टन लोहखनिज, 630 किलो कोकिंग कोळसा आणि 55 किलो चुनखडी वाचते. ॲल्युमिनियमचा हिशेब तर याहून थक्क करणारा आहे. ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं ॲल्युमिनियम खनिजातून सोडवायला अफाट वीज लागते. पण एकदा सोडवलं की सुटलं. नंतर फक्त 660 अंशांना वितळवायचं. म्हणून घरातल्या चेपलेल्या जर्मनच्या पातेल्यातून नवं ॲल्युमिनियम मिळवायला खनिजाच्या तुलनेत जेमतेम 5 टक्के ऊर्जा पुरते.

पण वितळताना एक गोष्ट कायमची जाते: ती वस्तू कुणाची होती, ही ओळख. लिलावात रीतसर घेतलेला रेल्वेचा रूळ आणि रात्री रस्त्यावरून उचललेलं गटाराचं झाकण, दोन्ही एकाच रसात मिसळली की कुठलीही प्रयोगशाळा त्यांना वेगळं करून दाखवू शकत नाही. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. भंगाराचं मात्र दोन्ही शोधावं लागतं, आणि तेही भट्टीच्या तोंडाशी पोचण्याआधी. भंगाराच्या व्यवहारातले बरेचसे कायदे या एका अडचणीतून जन्मले आहेत.

रेल्वेचंच पाहा. फौजदारी कायद्यात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सहसा सरकारवर असते. रेल्वेच्या मालमत्तेसाठी 1966 साली झालेल्या कायद्याने ती फिरवली. चोरीचा वाजवी संशय येईल असा रेल्वेचा माल कुणाकडे सापडला, तर तो आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आला हे त्याने स्वतः दाखवायचं. तारायंत्राच्या तांब्याच्या तारांसाठी 1950 सालीच असा खास कायदा झाला होता. एरवीच्या चोरीच्या मालाला भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागू होतं. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना तो घेणारा तिथे गुन्हेगार ठरतो. काट्यावर बसलेल्या दुकानदाराला म्हणूनच धातूबरोबर माणूसही पारखावा लागतो. खरेदीच्या वहीत विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि मालाचं वर्णन लिहून ठेवणारा दुकानदार उद्या स्वतःचीच सुटका करत असतो.

सरकार स्वतःचं भंगार विकतं तेही उघडपणे. रेल्वे ई-लिलाव करते. एमएसटीसी ही सरकारी कंपनी तर 1964 साली धातूच्या भंगाराच्या व्यापारासाठीच स्थापन झाली. ऑक्टोबर 2024 पासून जीएसटीनेही या साखळीच्या अगदी पहिल्या कडीला हात घातला आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचं भंगार घेतलं, तर कर व्यापाऱ्याने भरायचा. हातगाडीवाल्याला कराची कटकट नाही, पण त्याने विकलेला माल कागदावर येतो. आपण घरची रद्दी-भंगार विकतो तेव्हा यातलं फारसं काही दिसत नाही. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे ना, एवढं जरूर पाहावं.

कूळ जपलं तर काय होतं, याचं सुंदर उदाहरण मुंबईत घडलं. 1961 साली नौदलात दाखल झालेली, 1971 च्या युद्धात लढलेली विमानवाहू नौका विक्रांत 1997 मध्ये निवृत्त झाली आणि काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली. जतन परवडेना, लिलाव झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथून वाट मोकळी झाल्यावर 2014 च्या अखेरीस मुंबईतल्या दारूखाना भागात ती तोडायला सुरुवात झाली. त्यातला काही धातू बजाजने घेतला आणि 2016 च्या सुरुवातीला आणलेल्या ‘व्ही’ मोटारसायकलच्या टाकीसाठी वापरला. त्या टाकीच्या पत्र्यात वेगळं असं काहीच नाही, लोखंड ते लोखंडच. तरी लोकांनी ती गाडी कौतुकाने घेतली, कारण हा पत्रा कुठून आला याची साखळी कुठे तुटली नव्हती.

भट्टी मालकी विसरते. काही गोष्टी मात्र ती कितीही तापली तरी विसरू शकत नाही, आणि मला सगळ्यात जास्त विस्मय वाटतो तो याच गोष्टींचा.

पहिली गोष्ट तांबं. वितळलेल्या लोखंडात तांबं एकदा मिसळलं की ते व्यवहारात काढता येत नाही. ऑक्सिजन फुंकून जाळावं म्हटलं तर आधी लोखंडच जळतं, कारण ऑक्सिजनची ओढ लोखंडाला तांब्यापेक्षा जास्त. मग असं पोलाद लाल करून लाटायला घेतलं की पृष्ठभागावरच्या लोखंडाचा ऑक्साइड होतो, तांबं मागे उरतं, साचतं, वितळतं आणि पोलादाच्या कणांमधल्या फटींत झिरपतं. पत्रा तडकतो. सळयांना 0.4 टक्क्यापर्यंत तांबं चालून जातं. गाडीच्या पातळ पत्र्याला 0.1 टक्काही जड जातं. आणि जालन्यासारख्या विजेच्या भट्टीत शुद्धीकरणाला फार वाव नसतो. जे टाकाल तेच निघेल. म्हणजे पोलादाची प्रत ठरते ती भंगाराच्या आवारात, विजेच्या जळक्या मोटरमधून हातोडी-छिन्नीने वायंडिंग उपसून काढणाऱ्या माणसाच्या हाताखाली. तो तांब्याच्या चढ्या भावासाठी ते काढतो, आणि त्याच कष्टात लोखंडही शुद्ध करून देतो. त्याची पारखही बघण्यासारखी असते. आधी चुंबक. मग ग्राइंडरला तुकडा टेकवायचा आणि ठिणग्या वाचायच्या. साध्या मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ; कार्बन वाढला की त्या फुटतात, त्यांना फुलोरे येतात; बिडाच्या आखूड आणि लालसर. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांची ठिणगीच पडत नाही. मिश्रधातूचं रसायन असं क्षणभर उजेडात लिहिलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट भीषण आहे. किरणोत्सर्ग. भट्टी इलेक्ट्रॉनांशी खेळते, अणूच्या गाभ्याला ती हातही लावू शकत नाही. 1983 च्या अखेरीस मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझमध्ये कर्करोगावरच्या उपचाराचं एक पडून राहिलेलं यंत्र भंगारात विकलं गेलं. त्यात कोबाल्ट-60 चे मिलिमीटरभर आकाराचे सुमारे 6000 दाणे होते. ते भंगारात सांडले, वितळले, सळयांत आणि टेबलांच्या पायांत जाऊन बसले. जानेवारी 1984 मध्ये त्या सळया नेणारा एक ट्रक अमेरिकेत लॉस ॲलामॉसच्या अणुप्रयोगशाळेपाशी चुकून वळला आणि तिथला किरणोत्सर्गाचा इशारा वाजला. तोवर कुणाला पत्ताच नव्हता.

आपल्याकडे असंच काहीसं 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात घडलं. दिल्ली विद्यापीठातलं 1985 पासून न वापरलेलं एक किरणोत्सर्गी यंत्र लिलावात गेलं. आतल्या कोबाल्ट-60 चा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. 25 वर्षांत तो सुमारे 27 पटींनी घटला होता, आणि तरीही मारण्याइतका शिल्लक होता. यंत्र फोडलं गेलं. त्यातला एक तुकडा एका दुकानदाराच्या पाकिटात होता. एका कामगाराचा जीव गेला, काही जण दीर्घकाळ रुग्णालयात होते. लिलावाची पावती होती. अणुऊर्जा नियामक मंडळाला मात्र काही कळवलेलं नव्हतं. पैशाचा कागद पूर्ण आणि धोक्याचा कागद कोरा असेल, तर तो व्यवहार कायदेशीर म्हणायला माझी जीभ धजत नाही. तिथे राबणाऱ्या माणसांना तो चकाकणारा धातू काय आहे हे सांगणं कुणाचं तरी काम होतं.

बॉम्बगोळ्यांचं भंगारही असंच. 2004 मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातल्या जिवंत दारूगोळ्याचा स्फोट होऊन दहा कामगार दगावले. त्यानंतर मोकळ्या स्वरूपातल्या आयात भंगारासाठी जहाजात चढण्याआधीच तपासणीचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं.

कूळ आणि धोका दोन्ही भट्टीआधीच कसे तपासायचे, हे पाहायला आता जुन्या गाडीकडे येऊ. 2021 च्या नियमांनुसार ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यायची असते. केंद्र आधी वाहन पोर्टलवरच्या नोंदी पाहतं आणि गाडी चोरीच्या यादीत नाही ना, हे पडताळतं. मालकाला गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं. मग इंधन, तेलं, बॅटरी, एसीतला वायू सगळं आधी बाहेर काढलं जातं. चासी क्रमांक कोरलेला तुकडा कापून वेगळा काढतात आणि तो सहा महिने सांभाळून ठेवावा लागतो. बाकीच्या गाडीचे गठ्ठे होतात आणि ते भट्टीच्या वाटेला लागतात. ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. नवी गाडी घ्यायची नसेल, तर ते प्रमाणपत्र दुसऱ्या कुणाला विकताही येतं.