टूल घेताना बाहेर पडायचा दरवाजा आधी बघा

आजच्या विषयावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आमची आठ-दहा जणांची सॉफ्टवेअर टीम आहे, कामांची नोंद जिरामध्ये ठेवावी की ट्रेलोमध्ये? कोड गिटहबवर ठेवावा की गिटलॅबवर? आता फीचर्सचे तक्ते कुठेही मिळतात, ते इथे वाचून दाखवण्यात अर्थ नाही. त्या तक्त्यांत एक रकाना बहुधा नसतो, तो आज आपण भरू: हे टूल उद्या सोडायचं झालं, तर आपल्याबरोबर काय येईल आणि मागे काय राहील?

यासाठी लिनक्स कर्नलचं उदाहरण घेऊ. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते १९९१ मध्ये सुरू केलं. पुढची दहा वर्षं लिनस कुठलंही व्हर्जन कंट्रोल टूल वापरत नव्हते. लोक आपापले बदल ईमेलने पाठवायचे. अशा बदलाला पॅच म्हणतात. कुठल्या फाइलमधल्या कुठल्या ओळी काढल्या, कुठल्या घातल्या, याची ती चिठ्ठीच म्हणा ना. सीव्हीएस नावाचं टूल तेव्हा फुकट मिळत होतं, पण लिनसना ते मुळीच पसंत नव्हतं. पुढे चिठ्ठ्या इतक्या वाढल्या की काही नुसत्याच हरवू लागल्या आणि पाठवणारे वैतागले.

शेवटी फेब्रुवारी २००२ मध्ये लिनसनी बिटकीपर घेतलं. लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीचं टूल. कामाला ते उत्तम होतं, त्यात वाद नाही. प्रत्येकाजवळ स्वतःची प्रत, कुणाला कुणासाठी थांबायला नको. पण ते कंपनीच्या मालकीचं. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना फुकट मिळे, ते अटींवर. एक अट अशी की फुकट प्रत वापरणाऱ्याने त्याच्या तोडीचं दुसरं टूल बनवायचं नाही. बऱ्याच जणांनी तेव्हाच नाकं मुरडली होती.

२००५ मध्ये काय झालं बघा. सांबा हे सॉफ्टवेअर लिहिणारे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. (त्यात जादू काही नव्हती. टेलनेटने जोडून 'हेल्प' टाइप केलं की सर्व्हर आपणहून आज्ञांची यादी देतो, हे त्यांनी नंतर एका परिषदेत करूनच दाखवलं.) मॅकव्हॉय यांनी फुकट प्रत काढून घेतली. जगभर पसरलेली टीम, आणि रोजचं टूल एकदम हातातून गेलं.

लिनसनी ३ एप्रिलला नवं टूल लिहायला सुरुवात केली, आणि ७ एप्रिलला त्या टूलचा स्वतःचाच कोड त्यात ठेवला जाऊ लागला. हेच गिट. त्यांची एक गरज ऐकण्यासारखी आहे: एक पॅच लावायला तीन सेकंदांहून जास्त लागता कामा नये. का? तर एका वेळी अडीचशे पॅच लावायचे असू शकतात. प्रत्येकाला तीस सेकंद लागले तर दोन तास गेले. तीन सेकंद लागले तर बारा-तेरा मिनिटांत काम उरकतं. गरज अशी लिहायची असते. नुसतं 'टूल फास्ट हवं' म्हटल्याने काही ठरत नाही.

पण किंमत मोजावी लागलीच. लिनक्सच्या गिटमधली पहिली नोंद १६ एप्रिल २००५ ची, २.६.१२-आरसी२ या आवृत्तीची. त्याआधीचा इतिहास लिनसनी त्यात आणलाच नाही. तो इतरांनी वेगळ्या रिपॉझिटरीत जपलाय. म्हणजे एखादी जुनी ओळ का आली हे शोधत मागे गेलं की त्या तारखेला भिंत लागते.

आता आपल्याकडे येऊ. गिटमुळे कोडची चिंता पुष्कळ मिटली. साधारणपणे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास असतो, गिटहबवरून गिटलॅबवर जायला फार कष्ट नाहीत. अडतं ते तिकिटांपाशी. बग कुणी कळवला, त्यावर काय चर्चा झाली, अमुक उपाय का नाकारला, हे सगळं टिकेटमध्ये, आणि टिकेट काही गिटमध्ये नसतं. टूल बंद होत नाहीत असं समजू नका. गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. जिराची आपल्या सर्व्हरवर चालणारी सर्व्हर आवृत्ती अॅटलासियनने फेब्रुवारी २०२१ पासून नव्याने विकणं थांबवलं, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला तिचा सपोर्ट संपला. दोन्ही वेळा मुदत आधी सांगितली होती, पण ती कंपनीच्या सोयीची, तुमच्या रिलीजच्या नाही.

म्हणून ट्रायलच्या पहिल्याच आठवड्यात हे करा. वीसेक खरी तिकिटं टाका, त्यांवर कॉमेंट लिहा, स्क्रीनशॉट जोडा, दोन तिकिटं एकमेकांना जोडा. मग सगळं एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल दुसऱ्या टूलमध्ये चढवून बघा. शीर्षकं बहुतेक येतील. कॉमेंट येतात का? कुणी लिहिली ते नाव टिकतं का? स्क्रीनशॉटच्या जागी नुसती लिंक आली, तर खातं बंद झाल्यावर ती उघडणार नाही. हे काम मॅनेजरने करू नये असं आमचं मत. रोज तिकिटं हाताळणाऱ्यालाच बसवा, त्याला काय हरवलं ते लगेच दिसतं.

दुसरं, कमिटच्या संदेशात नुसतं 'टिकेट २१४ दुरुस्त' लिहू नका. टूल बदललं की २१४ हा आकडा पोरका होतो. कर्नलमध्ये अडचण काय होती आणि हाच उपाय का, हे संदेशातच लिहायची पद्धत आहे. दोन ओळींच्या बदलाला दोन परिच्छेदांचं कारण तिथे सहज सापडेल. ते कोडबरोबर जिकडे तिकडे जातं.

राहता राहिलं जिरा की ट्रेलो. आठ-दहा जणांना 'करायचंय, चालू आहे, झालं' असे तीन रकाने बहुतेक वेळा पुरतात. कामाला मंजुऱ्या लागत असतील, कुणी काय केव्हा बदललं हे ग्राहकाला दाखवावं लागत असेल, तर जिरासारखं भारदस्त टूल घ्या, नाहीतर त्याच्या सेटिंगमध्येच एक माणूस अडकतो. आणि कर्नलवाले? तिथे बहुतेक पॅच आजही ईमेलनेच येतात.

चला, आता प्रश्न घेऊ.