लाल मणी आणि मोबाइलची स्क्रीन

नागपूरच्या पूर्व भागात नंदनवनच्या वस्तीत एखादी बाळंतीण ‘मेडिकल’ या सरकारी रुग्णालयातून किंवा डागा रुग्णालयातून घरी आली, की आशाताईंची फेरी ठरलेली असते. बाळाच्या जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. दर भेटीत बाळाचं वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, नाळ कोरडी आहे का ते पाहायचं, दूध ओढतंय का ते बघायचं. मग झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. तेवढेच आले तर दवाखाना.

शहरात एका आशाताईकडे साधारण हजार ते अडीच हजारांची वस्ती असते. कुणाला सातवा महिना, कुणाचं बाळ एकवीस दिवसांचं, कुणाची लस हुकलेली. हे सगळं वहीतून शोधण्यापेक्षा सकाळी फोननेच आजच्या घरांची यादी दाखवली तर काम हलकं होतं. आरोग्याच्या चांगल्या अ‍ॅपकडून पहिली अपेक्षा हीच. दुसरी अपेक्षा त्याहून मोठी आहे: समोरचं बाळ धोक्यात आहे की नाही, हे तिथल्या तिथे ठरवायला मदत व्हावी.

ही अपेक्षा मोबाइलच्याही आधीची आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने श्वास मोजण्यासाठी मण्यांचं एक साधन बनवलं. सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळासाठीच्या ओळीत पाच पांढरे मणी आणि सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाचा संशय. दहापर्यंत मोजता येणाऱ्या सुईणीलाही निर्णय घेता यावा, एवढं ते सोपं होतं. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली गेली. तुलनेच्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई अशा भेटी देऊ लागल्या.

फोनने काय साधतं, याचं उत्तर नागपूरनेच दिलं आहे. डॉ. अर्चना पटेल यांच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने इथल्या चार रुग्णालयांत १०३६ गर्भवतींवर अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना शेवटच्या तिमाहीपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत दर आठवड्याला समुपदेशनाचा फोन आणि रोज एक संदेश जायचा. बाकीच्यांना नेहमीची सेवा. सहा महिन्यांच्या टप्प्यावर नेहमीच्या सेवेतल्या ४९ टक्के बायका निव्वळ अंगावर पाजत होत्या. फोन येणाऱ्या गटात ९७ टक्के! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या शहरात ‘बाळाला दोन चमचे पाणी पाज’ म्हणणारी माणसं घरातच असतात. अशा वेळी दर आठवड्याला कुणीतरी धीर देणारं फोनवर असणं कामी येत असावं.

पण याच अभ्यासात एक उलटा आकडाही निघाला. जन्मानंतर वेळेत पहिलं स्तनपान करण्याचं प्रमाण फोनच्या गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४८ टक्के होतं. बाळंतपणानंतरचा पहिला तास आईच्या हाती कमी आणि प्रसूतिकक्षातल्या कर्मचाऱ्यांच्या हाती जास्त असतो. घरच्या फोनचा हात तिथवर पोचत नाही.

अ‍ॅप कुणाच्या सोयीचं, हा प्रश्नही महाराष्ट्रात चांगलाच पेटला होता. २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं तेव्हा अंगणवाडीताईंच्या हाती जुने, सारखे बंद पडणारे सरकारी फोन होते आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी. राज्यभर ताईंनी ते फोन परत केले. त्यांचा राग यंत्रावर नव्हता. वही भरायची ती भरायचीच, वर तीच माहिती इंग्रजीत टंकायची, आणि त्यातून हाती काही लागत नाही, ही तक्रार होती. गडचिरोलीचा लाल मणी मोजणारीलाच उत्तर देत होता. इथे माहिती नुसती वर जात होती.

सध्या थेट आईपर्यंत पोचणारी सेवा म्हणजे ‘किलकारी’. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेच्या साथीने केंद्रीय आरोग्य मंत्रालय ती चालवतं. महाराष्ट्रात ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश मोफत येतात. साधा फोनही चालतो. अडचण एवढीच, की नोंदणीत नवऱ्याचा नंबर असला तर संदेश त्याच्यासोबत कामावर जातो. म्हणून दिवसभर घरात असणाऱ्या फोनचा नंबर द्यावा. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर तेही आशाताईंच्या कानावर घालावं. मग भेटी माहेरच्या आशाताईंनी द्यायच्या असतात. आणि बाळ दूध ओढेना, अंग गार किंवा तापलेलं लागलं, श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता १०२ किंवा १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.