मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

टेंभुर्णीपासून जालन्यापर्यंत ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढा’ हा सल्ला अजून कानी पडतो. एकेकाळी तो बरोबरच होता; पिकलेलं भिंग सहज सुटे, मग जाड चष्मा लागे. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी कृत्रिम भिंग बसवलं आणि १९६७ मध्ये फेको ही शस्त्रक्रियेची पद्धत आली. आता तिच्यात ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून ते दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काढतात. फार पिकलेलं भिंग उलट टणक होतं, कधी डोळ्यातला दाबही वाढवतं. शस्त्रक्रियेआधी ‘सुगी उरकू दे’ हे शेतकऱ्यांचं म्हणणं रास्त. साध्या मोतीबिंदूत महिनाभराने सहसा बिघडत नाही. मात्र दुखणं मोतीबिंदूचंच आहे, याची खात्री आधी हवी. कारण काचबिंदू असेल, तर त्यात गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. तेव्हा सुगीआधी निदान डोळ्यांचा दाब तपासून घ्या.