पहिल्या पाळीची मराठी

तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले संताजी जगनाडे चाकणचे. घरचा धंदा तेलघाण्याचा. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे, आणि चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या ज्या टापूत ते गाव येतं, तिथून आता रात्रंदिवस कंटेनर आणि नव्याकोऱ्या मोटारी लादलेले ट्रेलर धावतात. इंद्रायणीत बुडवलेले अभंग लोकांच्या तोंडी टिकले होते आणि ते पुन्हा कागदावर आणण्यात संताजींचा हात मोठा होता, असं वारकरी परंपरा सांगते. परंपरेतलं किती घ्यायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण संताजींच्या नावाच्या वह्या मात्र खऱ्या आहेत, आणि त्यांच्यापायी मराठी अभ्यासकांत एक जुना मतभेदही आहे.

मुंबई सरकारनं 24,000 रुपये मंजूर केले आणि 1869 ते 1873 या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामांची गाथा दोन भागांत निघाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी त्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूरकडची हस्तलिखितं ताडून पाहिली. यातली पहिली तिन्ही गावं आजच्या कारखान्यांच्या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला आहेत. शास्त्र्यांच्या हातून छापलं गेल्यावर भाषेला इस्त्री होणारच. पुढे 1919-20 मध्ये वि. ल. भावे यांनी संताजींच्या वहीवरून वेगळी गाथा छापली आणि तिला नाव दिलं ‘अस्सल गाथा’. ‘अस्सल’ म्हटलं की बाकीच्या काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि भाव्यांना तो उभा करायचाच होता.

अभंग कुणाचा आणि पाठ कुठला खरा, हा वाद भक्तांचा आणि पाठचिकित्सकांचा. भाषेच्या इतिहासकाराला त्या वहीत दुसरंच काही दिसतं. पाठशाळेत न बसलेला माणूस लिहितो तेव्हा तो बहुधा कानाला ऐकू येतं तसं लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ कोलमडतात, ‘ण’ आणि ‘न’ एकमेकांच्या जागी येतात, ‘वेळ’ची ‘येळ’ होते. शास्त्रीबुवांना हे अशुद्ध वाटतं, पण तीनशे वर्षांपूर्वी माणसं कशी बोलत होती याचा याहून चांगला पुरावा नसतो. बिनचूक लिहिणारा लेखनिक या कामी जवळजवळ निरुपयोगीच म्हणायचा.

इंग्रजीच्या आरंभकाळाच्या अभ्यासकांचंही असंच एक लाडकं माणूस आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यात ओर्म नावाचा एक मठवासी होऊन गेला. त्यानं बायबलवर पद्यात प्रवचनं लिहिली. काव्य म्हणून ती वाचवत नाहीत, हे त्याचे अभ्यासकही कबूल करतात. पण आपलं लिखाण मोठ्यानं वाचणाऱ्यांनी उच्चार चुकवू नयेत म्हणून त्यानं स्वतःची लेखनपद्धती तयार केली. स्वर आखूड असेल तर पुढचं व्यंजन दोनदा लिहायचं, हा तिचा मुख्य नियम. तो त्यानं हजारो ओळी चिकाटीनं पाळला. त्याच्या स्वतःच्या हातची प्रत आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे, आणि त्या काळी कुठला स्वर आखूड नि कुठला लांब होता हे आज सांगता येतं त्यात या कंटाळवाण्या कवीचा वाटा मोठा आहे. ओर्म हे नाव मुळात इंग्रजी नाही, उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचं आहे. त्याच्या जन्माच्या तीनेकशे वर्षं आधी डेन्मार्क-नॉर्वेकडची माणसं त्या भागात आधी लुटायला आली आणि मग जमिनी कसत तिथंच राहिली.

आपल्याकडे इंग्रजी म्हणजे साहेबाची, नियमांची, स्पेलिंग पाठ करायला लावणारी भाषा. ती मुळात खेडवळांची आणि उपऱ्यांची होती हे शाळेत कुणी सांगत नाही. पाचव्या शतकापासून समुद्र ओलांडून आलेल्या टोळ्यांच्या बोलींतून तिच्या चार मोठ्या बोली झाल्या : नॉर्थम्ब्रियन, मर्शियन, वेस्ट सॅक्सन आणि केंटिश. त्यांवर नॉर्स बोलणारे येऊन बसले. दोन्ही भाषा चुलत बहिणी, धातू-शब्द सारखे, फक्त शेपट्या वेगळ्या. शेजाऱ्याशी व्यवहार करायचा तर शब्द कळत होता, प्रत्यय अडत होता. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामं नॉर्स आहेत, ‘लॉ’, ‘हजबंड’, ‘एग’, ‘स्काय’ हेही तिकडचेच. नामं सगळेच उसने घेतात. सर्वनामं उसनी घ्यायला मात्र माणसांना एकमेकांच्या घरात राहावं लागतं. चौदाव्या शतकात लंडन वाढलं ते मिडलँड्सकडून, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागातून, कामधंद्यासाठी आलेल्यांवर, आणि पुढे प्रमाण म्हणून मिरवलेली इंग्रजी लंडनच्या मूळ बोलीपेक्षा या आलेल्यांच्या बोलीला जास्त जवळची निघाली.

आता पुन्हा आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात येऊ. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये उभी राहिली, औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये आलं, शिवाय आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका 1970 ची, नवनगर विकास प्राधिकरण 1972 चं, महानगरपालिका 1982 ची. 1971 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली वस्ती 2011 मध्ये सव्वासतरा लाखांच्या वर गेली. नव्वदच्या दशकानंतर कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकले. महाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी, खराबवाडी इथल्या शेतकऱ्यांनी उरल्यासुरल्या जमिनीवर भाड्याच्या खोल्या काढल्या. त्या खोल्यांतून लातूर, नांदेड, बीड, वाशिम, बुलढाणा, धुळे, सोलापूर इथली पोरं राहू लागली. आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचीही राहतात.

पहाटे सहाच्या सुमाराला चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या घोळक्यात कान देऊन उभं राहावं. चालू वर्तमानकाळाचा मराठीत केवढा पसारा आहे ते तिथं कळतं. लातूरकडचा विचारतो, ‘काय करायलास?’ अकोल्याचा, ‘काय करून राह्यला?’ धुळ्याकडचा आपल्या गाववाल्याला अहिराणीत, ‘काय करी राह्यना?’ कोल्हापूरचा एखादा असला तर ‘काय करालायस?’ आणि खेड तालुक्यातला स्थानिक सगळ्यांवर ताण करून, ‘काय करतुय रं?’ क्रिया एकच, काळ एकच, आणि तो दाखवायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी ‘लागणे’ झिजवून घेतलं, कुणी ‘राहणे’, कुणी नुसत्या वर्तमानकाळावर भागवलं.

मध्ययुगीन इंग्रजीत नेमक्या याच जागी अशीच गर्दी होती. आज जिथं ‘-इंग’ लागतं, तिथं उत्तरेत ‘-अँड’, मिडलँड्समध्ये ‘-एंडे’ आणि दक्षिणेत ‘-इंडे’ लागत असे. हस्तलिखितावर गावाचं नाव नसलं तरी हा प्रत्यय पाहून ते कुठल्या भागातलं हे अभ्यासक ओळखतात. पुढे ‘-इंग’ सगळ्यांना पुरून उरलं. उलट ‘ही सेज’मधला ‘स्’ उत्तरेकडून खाली आला आणि त्यानं दक्षिणेच्या ‘-एथ’ला हुसकून लावलं. त्यामुळे कुणाचं काय टिकेल याचा अंदाज प्रतिष्ठेवरून बांधू नये. उत्तरेकडच्यांना लंडनवाले हसतच होते.

चाकणात आधी काय गळतं हे मात्र ऐकू येतं. ज्यावर पोरं हसतात ते पहिलं जातं. वाशिमचा मुलगा घरी फोनवर ‘मले’ म्हणतो आणि फोन ठेवून खोलीतल्या पार्टनरला ‘मला’ म्हणतो. ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणं महिन्याभरात बंद होतं. पण ‘येऊन राहिलो’ तग धरतं, कारण ते सगळ्यांना कळतं आणि हिंदीच्या ‘आ रहा हूँ’चा त्याला टेकू मिळतो. वऱ्हाडीला पुण्यात कधी नव्हे तो मित्र मिळाला, तो बिहारी ठेकेदाराच्या रूपानं.

मशीनचं लिंग हा आणखी एक विषय. जुन्या पुणेकर फोरमनचं ‘ते मशीन बंद पडलं’. शेजारच्या लाइनवर ‘ती मशीन बंद पडली’. हिंदी बोलणारा ऑपरेटर मराठी बोलायला लागला की ‘मशीन बंद पडला’ही ऐकावं लागतं. ‘जॉब’ रिजेक्ट झाला, ‘पार्ट’ लागला, ‘ओटी’ (ओव्हरटाइम) मिळाली की मिळाला, यावर खात्यागणिक मतं वेगळी. भाषाशुद्धीवाल्यांनी इथं कपाळावर हात मारून घ्यावा. पण उत्तर इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या लॅटिन बायबलप्रतीवर दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूनं ओळींच्या मधल्या जागेत जे इंग्रजी अर्थ लिहिले, त्यातही नामांची लिंगं अशीच डळमळताना दिसतात. एकच नाम इथं एका लिंगात, तिथं दुसऱ्या. नॉर्स शेजारामुळे असं झालं असं काही अभ्यासक म्हणतात, इतरांच्या मते पडझड आधीच चालू होती, शेजारानं धक्का दिला एवढंच. पुढच्या दोन-तीन शतकांत इंग्रजीतलं व्याकरणिक लिंग संपलंच. मराठीचं तसं होईल असं मला वाटत नाही. आपल्याकडे क्रियापद आणि विशेषण दोन्ही लिंगाला बांधलेली आहेत. पण गोंधळ सुरू कुठून होतो हे पाहायला कारखान्याइतकी चांगली जागा नाही.

अशा जागी बोलीचा अभ्यासक सहसा फिरकत नाही. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 मध्ये निघाला. त्यात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट स्थानिकांकडून भाषांतरित करून घेतलेली आहे. घर सोडून परमुलखात गेलेल्या पोराची गोष्ट, आणि ती सांगायला निवडलेली माणसं मात्र आपल्या मुलखातच राहिलेली! अ. मा. घाटगे यांनी 1963 पासून मराठी बोलींच्या पाहणीची जी मालिका काढली तिच्यात कुडाळी आहे, कोचीनची बोली आहे, कासरगोडची मराठी आहे. काम पहिल्या प्रतीचं, पण नजर कडेच्या, अलग पडलेल्या बोलींवर. इंग्लंडमध्ये हॅरल्ड ऑर्टन यांच्या लीड्स विद्यापीठातल्या चमूनं 1950 ते 1961 या काळात 313 ठिकाणी हजाराहून अधिक प्रश्नांची यादी घेऊन पाहणी केली, तीही मुख्यतः खेड्यातल्या, गाव न सोडलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांची. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्याची ध्वनिमुद्रणं कुणालाही ऐकता येतात. हे काम मोठं आहे आणि त्यात म्हाताऱ्यांखेरीज इतरांचेही आवाज आहेत. तरी त्याचंही एकक गाव हेच. महाळुंग्याच्या खोलीत राहणारा उदगीरचा पोरगा नकाशावर कुठे दाखवायचा?

बोलींच्या या शास्त्राचा एक मोठा माणूस कारखान्यातूनच आला होता हे म्हणून सांगावंसं वाटतं. जोसेफ राइट 1855 मध्ये यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळ जन्मला. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकायला लागला, सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या गिरणीत बॉबिन बदलायच्या कामाला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. 1870 मध्ये फ्रान्स-प्रशियाचं युद्ध पेटलं, बरोबरचे कामगार वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि याला नुसतं ऐकत बसावं लागायचं. त्या चिडीतून तो वाचायला शिकला, रात्रशाळेत गेला, पैसे साठवून जर्मनीत हायडेलबर्गला पोचला आणि 1885 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतला. 1892 मध्ये त्यानं आपल्या विंडहिल गावच्या बोलीचं व्याकरण लिहिलं. 1898 ते 1905 या काळात सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश पुरा केला. तेवढ्यात, 1901 मध्ये, तो ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला होता. कादंबरीकार टोल्किन त्याचा विद्यार्थी.

महाराष्ट्रात बोलींच्या संकराचा जगभर गाजलेला अभ्यास झाला तो सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं की तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दूचं व्याकरण शेजारानं इतकं सारखं झालंय की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. कुपवाडला हे घडायला काही शतकं लागली होती. आता तिथंही औद्योगिक वसाहत आहे.

चाकणला इतका वेळ लागणार नाही, असं मानायला आधार आहे. लंडनच्या उत्तरेला मिल्टन कीन्स हे नवं शहर 1967 मध्ये, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणाच्या पाचच वर्षं आधी, जाहीर झालं. तिथं चहूकडून माणसं आली. नव्वदच्या दशकात पॉल कर्सविल आणि अ‍ॅन विल्यम्स यांनी तिथली चार, आठ आणि बारा वर्षांची 48 मुलं निवडली, प्रत्येकाबरोबर घरातलं एक मोठं माणूस घेतलं, आणि सगळ्यांचं बोलणं मुद्रित केलं. चार वर्षांची मुलं आईबापांसारखी बोलत होती. आठ आणि बारा वर्षांची मुलं आईबापांकडून सुटून एकमेकांसारखी बोलू लागली होती. नवी बोली मोठ्यांनी केली नव्हती, ती शाळेच्या मैदानावर झाली होती.

पिंपरी-चिंचवडमध्ये ही वेळ कदाचित टळून गेली आहे. संत तुकारामनगर किंवा यमुनानगरमध्ये वाढलेल्या पिढीची मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत, आणि त्यांच्या आजोबांची उस्मानाबादी किंवा जळगावची बोली लग्नकार्यापुरती उरली आहे. चाकण पट्ट्यात मात्र अजून दोन्ही पिढ्या एकाच खोलीत सापडतात. ‘करायलास’ म्हणणारी आई आणि दुसरीतला पोरगा एका मोबाइलवर एकाच वेळी मुद्रित करता येतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला आणि एम. ए.च्या दोन विद्यार्थ्यांना मिळून हे जमण्यासारखं आहे. विचारायचं फार काही नाही. मशीनचं काय झालं, सकाळी सहा वाजता बाबा काय करत असतात, एवढे दोन प्रश्न सुरुवातीला पुरे.