द्रौपदी खरंच तसं बोलली होती का?



'बाईच्या जिभेपायी महाभारत घडलं', हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही? घरात सून दोन शब्द बोलली, ग्रामसभेत एखादी प्रश्न विचारायला उठली, की कुणीतरी हे म्हणतंच. गोष्ट आपल्याला पाठ असते. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी हसली, 'आंधळ्याचा मुलगा आंधळाच' म्हणाली, आणि तिथून युद्ध पेटलं. टीव्हीवरच्या महाभारतातही आपण तेच पाहिलं. तर हे वाक्य जुन्या पोथ्यांत आहे का, आणि असं काही तपासतात कसं, ते आज सांगतो.

छापखाने नव्हते तेव्हा पोथी हातानं उतरून घ्यावी लागे. उत्तरेत भूर्जपत्रावर, दक्षिणेत ताडपत्रावर, पुढं कागदावर. पोथी जीर्ण झाली की तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. उतरवताना एखादी ओळ गळायची. कुणी समासात आठवणीसाठी काही लिहिलं, तर पुढचा लेखक ते मजकुरातच घ्यायचा. कथेकऱ्यानं रंगवलेला प्रसंगही आत शिरायचा. फसवायचं कुणाच्या मनात नसे. जात्यावरची ओवी माहेरी एक असते आणि सासरी तिच्यात दोन शब्द वेगळे होतात, तसंच हे. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षं होत आली तेव्हा तिच्यातही असे फरक पडले होते. पैठणच्या एकनाथ महाराजांनी 1584 साली ती शुद्ध करून घेतली.

महाभारत तर काश्मीरपासून केरळपर्यंत पसरलेलं, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं 1919 साली त्याच्या पोथ्या ताडून पाहायला सुरुवात केली. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. काम संपलं 1966 साली. सुकथनकर त्याआधीच, 1943 साली वारले होते. एकूण 1,259 हस्तलिखितं तपासली गेली आणि 19 खंड निघाले. या आवृत्तीला 'चिकित्सक आवृत्ती' म्हणतात.

कामाची रीत बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईला लगेच कळेल. मोठ्या कागदावर वरती एक श्लोक लिहायचा, प्रत्येक अक्षराला एक रकाना. मग एकेक पोथी उघडायची आणि जिथं तिच्यात वेगळं अक्षर असेल तिथं त्या रकान्यात नोंद करायची. श्लोकामागून श्लोक, वर्षानुवर्षं.

आता यातलं खरं जुनं कोणतं? जास्त पोथ्यांत आहे ते, असं आपल्याला वाटेल. पण तसं नसतं. एकाच चुकीच्या पोथीवरून दहा जणांनी उतरवलं, तर त्या दहा साक्षी मिळून एकच झाली. एका वाड्यातल्या दहा जणी एकच ऐकीव गोष्ट सांगतात, तसं. उलट काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी, एवढ्या लांबच्या दोघी जर एकच सांगत असतील, तर ते जुनं असण्याचा संभव फार. जे मागाहून आलेलं दिसलं, तेही फेकलं नाही. ते पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात छापलं. गणपतीनं महाभारत लिहून घेतल्याची आपली लाडकी गोष्टसुद्धा परिशिष्टात आहे! आम्हाला हे वाचून जरा चुटपुट लागली, खरं सांगायचं तर.

या आवृत्तीतल्या सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन संस्कृत पंडितांनी केलं. त्यात दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते नोकर, भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव. द्रौपदीचं नाव तिथं नाही. पुढं दुर्योधन बापापुढं गाऱ्हाणं करतो, तेव्हा तो सांगतो की द्रौपदीही इतर बायकांसह हसली. म्हणजे तेही त्याच्याच तोंडून. आणि 'आंधळ्याचा मुलगा' हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी मुख्य मजकुरात कुठंच नाही.

ही आवृत्ती म्हणजे व्यासांच्या हातचं पान नव्हे, हेही सांगायला हवं. मिळालेल्या पोथ्यांवरून जितकं मागं जाता येतं, तितकं मागं जाऊन ठरवलेला हा मजकूर आहे. वस्त्रहरणात द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तो भागही यात तळटीपेत गेला. वस्त्रामागून वस्त्र येत राहतं, एवढंच वर उरलं. आपल्या कीर्तनात तो धावा आहे आणि राहील, त्यावर आमचा वाद नाही.

मुख्य मजकुरात द्रौपदीचं दुसरं एक बोलणं मात्र ठसठशीत आहे. तिला सभेत बोलावणं येतं, तेव्हा ती उलट विचारते : युधिष्ठिर आधी कुणाला हरले, स्वतःला की मला? भर सभेत हाच प्रश्न पुन्हा निघतो. भीष्म म्हणतात, धर्म फार सूक्ष्म आहे, मला याचं उत्तर नीट देता येत नाही.